फॉरमॅटची घाई नको
अपडेटनंतर विंडोज सुरू होत नसेल तर सरळ फॉरमॅट करा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, हा लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. कोपरखैरण्यात आमच्या शेजारच्या काकांचा लॅपटॉप असाच अडला होता. दुकानदार फॉरमॅटच करणार होता, आणि आत नातीच्या बारशाचे सगळे फोटो! त्याऐवजी लॅपटॉप सुरू करून लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं; असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून शेवटचं क्वालिटी अपडेट (नेहमी येणारं छोटं अपडेट) काढून टाका. काकांचं काम तेवढ्यानेच झालं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागू शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून बघता येते. तरीही नाहीच जमलं, तर फॉरमॅटच्या आधी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून डेटा काढून घ्या.