आकड्यांचा गृहप्रवेश

सर्वप्रथम अभिनंदन. ग्रंथालय समितीत चहा आणि खारी संपता संपता नव्या प्रणालीला मंजुरी मिळाली, आणि 'ई-जर्नल व डेटाबेस यांच्या वापराची मागील आकडेवारी नव्या प्रणालीत आणणे' हे वाक्य कुणीतरी खुर्चीवरून उठता उठता इतिवृत्तात घालून गेले. ते वाक्य आता तुमचे. घाबरायचे कारण नाही. मी बडोद्यात या प्रसंगातून दोनदा गेले आहे; माझे केस पांढरे झाले, पण आलेख हिरवा आहे.

पहिले पथ्य डेमोच्या दिवसाचे. कंपनीचा मुलगा येईल, लॅपटॉप जोडेल, प्रोजेक्टर दोनदा निळा पडेल, आणि मग तो म्हणेल, "बेन, एक क्लिकमां बधुं आवी जशे." त्याच्या पडद्यावरचे ग्रंथालय हे फार सुखी गाव असते. तिथे प्रत्येक नियतकालिकाला आयएसएसएन, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, असतो, तो बरोबर असतो, आणि एकही जर्नल वर्षाच्या मध्यात एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे नांदायला गेलेले नसते. बघा आणि मान हलवा. "आमच्याकडे २०१४ पासूनच्या फायली आहेत, त्याही येतील ना?" असे चुकूनही विचारू नका. विचारलेत की तो 'कस्टमायझेशन' हा शब्द काढतो, आणि त्या शब्दाला जीएसटी वेगळा लागतो. (कोहा नावाची मोफत प्रणालीही आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने ती २००० साली वापरात आणली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नोव्हेंबर २०२३ च्या आवृत्तीपासून हे वापराचे आकडे गोळा करायची सोयही तिच्यात आहे. आमच्या समितीला पटली नाही. भेटवस्तूची निविदा कशी काढणार?)

आता सुशी. नाव ऐकून दांडिया बाजारातल्या शाकाहारी माणसाने बिचकू नये, यात मासा नाही. प्रणालीने दर महिन्याला प्रकाशकाच्या दारात स्वतः जायचे आणि काउंटर अहवाल घेऊन यायचे, अशी ही ठरवून दिलेली रीत आहे. काउंटर म्हणजे कुठला वापर कसा मोजायचा याची नियमावली. प्रकाशक आणि ग्रंथालये मिळून २००२ पासून ती घडवत आणि मोडत आहेत. दार उघडायला ग्राहक क्रमांक लागतो, रिक्वेस्टर आयडी लागतो, कुठे कुठे एपीआय कीसुद्धा. हे सगळे आपल्याकडे आहे. एका मेलमध्ये आहे. तो मेल ज्या काकांना आला होता ते निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले, आणि त्यांचा पासवर्ड म्हणजे नातीचे नाव, एवढे सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. मी फोन लावला.

"काका, कोणती नात?"

"अगं, मधली. पण तिनं मध्यंतरी स्पेलिंग बदललंय. न्यूमरॉलॉजी."

किल्ली सापडली तरी फार खूश होऊ नका. नियमाप्रमाणे प्रकाशकाने चालू वर्षाचे आणि त्याआधीच्या दोन वर्षांचे आकडे उपलब्ध ठेवले की तो सुटला. त्याच्या मागचे जे काही आहे ते फक्त तुमच्या एक्सेलमध्ये, म्हणजे नियतकालिक विभागातल्या त्या जुन्या संगणकात, ज्याला अजून रोज संध्याकाळी प्लॅस्टिकचे टोपडे घालतात. त्यात 'स्टॅट' नावाचे फोल्डर असेल. त्याच्या पोटात 'स्टॅट नवे', त्याच्या पोटात 'फायनल', आणि अगदी गर्भगृहात 'फायनल साहेबांनी बघितलेले'. बाकीच्या फायली उघडूसुद्धा नका. त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यांतला एखादा बरोबर असण्याचा धोका आहे. साहेबांनी बघितलेला आकडा तेवढा अधिकृत. साहेबांनी नक्की काय बघितले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

फाइल मिळाली की ती एक्सेलमध्ये उघडा, काहीही न बदलता सेव्ह करा आणि बंद करा. एवढ्याने निम्मे काम होते. अहवालात महिना 'जान-२०१९' अशा थाटात लिहिलेला असतो. एक्सेल त्याला प्रेमाने 'जान-१९' म्हणू लागते. ती सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, पुन्हा उघडली की तेच एक्सेल त्याचा अर्थ लावते चालू वर्षातली १९ जानेवारी. त्यामुळे २०१९ चा सगळा वापर यंदाच्या दर महिन्याच्या एकोणीस तारखेला झालेला दिसतो, २०२० चा वीस तारखेला, २०२१ चा एकवीस. आयएसएसएनच्या मधली आडवी रेघ कुणा नीटनेटक्या माणसाने आधीच काढून टाकलेली असेल, तर त्याच्या पुढची शून्येही गळून पडतात, आणि आठ आकड्यांचा क्रमांक सहा आकड्यांचा होऊन नव्या प्रणालीच्या दारात अनोळखी म्हणून उभा राहतो. पण खरी मजा ई-पुस्तकांची. तेरा आकडी आयएसबीएन एक्सेलला पेलत नाही, ते त्याचे '९.७८ई+१२' असे करून ठेवते. अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, स्थापत्य, सगळ्या पुस्तकांचा क्रमांक एकच. अद्वैत समजावायला आमच्या लहानपणी कीर्तनकाराला दोन तास लागायचे.

कंपनीचा मुलगा ही फाइल चढवेल. मग रात्री प्रणाली स्वतःहून सुशीने जाऊन मागच्या दोन वर्षांचे आकडे पुन्हा घेऊन येईल. तेच महिने, दोन वाटांनी आलेले. वापर दुप्पट. याला चूक म्हणू नका. 'परीक्षा जवळ आल्याने विद्यार्थ्यांचा ई-संसाधनांकडे ओढा वाढला' असे म्हणा.

यानंतर येते २०१९. हे वर्ष आकड्यांच्या इतिहासात पानिपतासारखे आहे. तोपर्यंत काउंटरची चौथी आवृत्ती चालू होती आणि आपण सगळे जेआर१ नावाच्या अहवालावर जगत होतो. एखाद्याने लेख आधी वेबपानावर उघडला आणि मग त्याची पीडीएफ उतरवली की जेआर१ मध्ये दोन. काही प्रकाशकांची संकेतस्थळे तर आधी वेबपान उघडल्याशिवाय पीडीएफ देतच नसत, म्हणजे वाचक एक, लेख एक, आणि पुण्य दोनदा. जानेवारी २०१९ पासून पाचवी आवृत्ती लागू झाली. तिने एकूण मागण्या, म्हणजे पूर्ण लेख किती वेळा उघडला ते, वेगळ्या मोजल्या आणि एका बैठकीत एका लेखाच्या मागण्या एकच धरणारा दुसरा आकडा शेजारी ठेवला. जेआर१ च्या गादीवर आलेल्या टीआर जे१ ने मुक्त प्रवेशाचे सुवर्ण लेखही, म्हणजे प्रकाशकाने स्वतःच सगळ्यांना फुकट खुले ठेवलेले, वगळले. शिवाय शून्य वापराच्या ओळी अहवालातून नाहीशा झाल्या. पूर्वी न वाचलेले जर्नल निदान शून्य घेऊन यादीत बसायचे, लग्नाच्या पंगतीत न जेवता बसलेल्या मामासारखे. आता ते दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याची वर्गणी का भरतो हेही कुणी विचारत नाही.

तर २०१९ मध्ये रेघ धाडकन खाली येते. काही भाबडी माणसे इथे आलेखात उभी रेघ मारतात, अलीकडची आणि पलीकडची मालिका वेगळी ठेवतात, आणि खाली टीप देतात की मोजण्याचे माप बदलले आहे, दोन्हींची तुलना करू नये. मीसुद्धा पहिल्या खेपेला तेच केले होते. साहेबांनी टीप वाचली नाही, रेघ बघितली. "ताई, हे असं खाली कसं काय आलं?" मी माप समजावू लागले. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण वर न्या."

वर न्यायला काही कष्ट पडत नाहीत. पाचव्या आवृत्तीत 'इन्व्हेस्टिगेशन' नावाचा एक उदार आकडा आहे. कुणी नुसता सारांश बघितला, संदर्भयादीवर नजर टाकली, तरी तो वाढतो; आणि पूर्ण लेख उघडला तर वाढतोच. म्हणजे हा आकडा मागण्यांपेक्षा कधीच कमी नसतो. २०१८ पर्यंत जेआर१ आणि २०१९ पासून एकूण इन्व्हेस्टिगेशन, दोन्हींना एकच नाव द्या: 'वापर'. सांधा दिसत नाही. सुरसागर तलावाच्या काठावरून दुकानांचे कोटही असेच दिसतात. पाठीमागची शिवण कोण बघतो?

डेटाबेसवाल्यांना तर याहून स्वस्तात पुण्य मिळते. शोधपेटीत एका मुलाने 'पाणी' टाइप केले की डिस्कव्हरी सेवा एकाच वेळी ढीगभर डेटाबेसांची दारे वाजवते. काउंटर हे स्वयंचलित शोध वेगळ्या रकान्यात ठेवायला सांगते. रकाने विलीन करण्याचे बटण एक्सेलमध्ये कशासाठी दिले आहे?

एक अडचण मात्र राहते. तीस सेकंदांच्या आत त्याच दुव्यावर दोनदा क्लिक केले तर काउंटर एकच धरते. बडोद्याचा वाचक उतावळा. पान उघडायला वेळ लागला की तो दाबत राहतो आणि सगळे वाया जाते. अभिमुखता कार्यक्रमात मुलांना सांगा, एकदा दाबा, बाहेर जाऊन चहा घ्या, मग येऊन पुन्हा दाबा.

आणि पुस्तकांचे दुःख तर देवाने आपण होऊन दूर केले आहे. काउंटरची ५.१ ही आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्या हिशेबात पुस्तकाचे एकक प्रकरण. पूर्ण पुस्तक एकदम उतरवले की जितकी प्रकरणे तितक्या मागण्या. अठरा अध्यायांचा ग्रंथ एका क्लिकवर घेतला की अठरा. किती पुस्तकांना हात लागला तेही त्याच अहवालात शेजारच्या रकान्यात मिळते, पण तो रकाना अरुंद असतो, मजकूर झाकला जातो.

त्याच महिन्यात, १ जानेवारी २०२५ ला, 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना सुरू झाली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नले, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, आणि पैसे वरून परस्पर. एकाच महिन्यात मापही बदलले आणि मालही वाढला. आता वाढ कशामुळे झाली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, म्हणून ती ग्रंथालयाच्या उपक्रमांमुळे झाली. दर वापराचा खर्च काढायला सांगितला तर वर्गणीला वापराने भागा. वर्गणी तुम्ही भरत नाही, म्हणजे अंश शून्य. उत्तर शून्य रुपये. मूल्यांकनाला येणाऱ्या 'नॅक'च्या समितीसमोर हा आकडा दाखवताना आवाज किंचित खाली आणावा.

सादरीकरणाची पहिली स्लाइड महाराजांची. बडोद्यात याला पर्याय नाही. १९०६ मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिकलेला माणूस अक्षर विसरू नये म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन अजून आहे. लहानपणी तिच्यावर चालताना मी खाली बघायची नाही, पडेन असे वाटायचे. पेटी ज्या गावाला जायची तिथे कुणीतरी वाचणारे आहे, एवढ्या विश्वासावर ती जायची. तिला आयडी नव्हता, किल्ली नव्हती. हे सगळे तीस सेकंदांत उरका, दुसरी स्लाइड आलेखाची.

राहता राहिली एक फाइल. तिचे नाव चौथ्या आवृत्तीत जेआर२, पाचवीत टीआर जे२. ती कुणी मागत नाही. समितीच्या तक्त्यात तिला रकाना नाही, डेमोत ती दाखवली गेली नाही, कंपनीच्या मुलाने विचारले, "बेन, आ पण लेवानुं?" तिच्यात वापर नसतो, नकार असतो. आपल्याकडचे कुणीतरी एका लेखाच्या दारापर्यंत गेले, आणि परवाना नाही म्हणून परत फिरले. असे प्रत्येक जर्नलचे, महिन्यामहिन्याचे परतलेले लोक. कोणते जर्नल घ्यायला हवे होते, हे त्याहून सरळ कुठलाही अहवाल सांगत नाही. म्हणूनच ती आणू नका. ती आणली तर आलेखात कुठे बसवणार? वर जाणारी तिची रेघ शोभत नाही, आणि खाली येण्यासाठी पैसे लागतात. प्लॅस्टिकच्या टोपड्याखाली तिला राहू द्या.

तरीही एखाद्या दुपारी पीएचडीची एक मुलगी तुमच्या टेबलापाशी येईलच. तिच्या विषयाचे जर्नल योजनेच्या यादीत नसेल, मोबाइलवर तीन वेळा बंद दाराचे चित्र आलेले असेल, ते ती तुम्हाला दाखवेल. "मॅडम, हे आपल्याकडे नाहीये का? मी गेल्या वर्षीपण बघत होते." तिला बसायला खुर्ची द्या. पाणी विचारा. मग स्क्रीन तिच्याकडे वळवा आणि आलेख दाखवा. हिरवा आहे.