‘सकाळी आभाळ स्वच्छ असेल तर बिनधास्त वर चढा’ म्हणे!

‘हवामानाचे अंदाज म्हणजे निव्वळ थापा’ या मथळ्याचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या डोंगरवेड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो माझ्या मेहुण्याने मला पाठवला, खाली ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ अशी पुस्ती जोडून. परवा तो मुलांना घेऊन डोंगरात निघालाय आणि नेमका त्याच दुपारी वादळ, जोराचा पाऊस आणि वरच्या भागात बर्फ असा इशारा आहे. मग गप्प बसवेना.

फॉरवर्डची सुरुवातच अशी: ‘पावसाची शक्यता ४० टक्के म्हणायचं, म्हणजे पडला तरी यांचंच खरं, नाही पडला तरी यांचंच.’ एका दिवसापुरतं हे बरोबर आहे, मान्य. पण ‘४० टक्के’ सांगितलेले शंभर दिवस एकत्र करा. त्यातले चाळीसेक दिवस पावसाचे निघाले नाहीत, तर अंदाज देणारा चुकला. हा ताळा हवामान केंद्रं सतत घालत असतात. शिवाय तो आकडा हवेतून काढलेला नसतो. सुरुवातीच्या नोंदींत बारीकसे फरक करून संगणकावर तोच अंदाज पन्नासएक वेळा चालवतात आणि त्यातल्या किती वेळा पाऊस येतो ते बघतात.

पुढे म्हणे ‘तीन दिवसांपलीकडचं यांना काही कळत नाही’. आणि दोनच ओळींनंतर सल्ला काय, तर फोनवरच्या ॲपवर पंधरा दिवसांचं तासातासाचं हवामान बघा! २०१५ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात बाउअर, थॉर्प आणि ब्रुने या हवामानशास्त्रज्ञांचा लेख आला होता. तीन ते दहा दिवसांच्या अंदाजांची अचूकता दर दशकाला साधारण एका दिवसाने वाढत गेली, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे सहा दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या पाच दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा झाला. एक-दोन दिवसांचा तर त्याहून पक्का. डळमळीत असतो तो बाराव्या दिवशी दुपारी तीन वाजता पाऊस दाखवणारा आकडा, ज्यावर या फॉरवर्डचा गाढ विश्वास आहे.

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा. ‘वसंतातला बर्फ म्हणजे पोरखेळ, दुपारपर्यंत वितळतो. सकाळी आभाळ स्वच्छ असेल तर इशारा विसरा आणि चढा.’

वसंतात तर स्वच्छ सकाळच घात करते. ऊन कडक झालेलं असतं, जमीन तापते, पण वरची हवा अजून हिवाळ्यासारखीच थंड असते. खालची गरम, दमट हवा उसळी मारते आणि डोंगर तिला आणखी वर ढकलतो. दहा वाजता कापसाचे पुंजके दिसतात, दोन-तीनपर्यंत त्यांचे काळे मनोरे झालेले असतात. त्यात मोठी वादळप्रणाली येत असेल तर विचारूच नका.

आणि मारतो तो नुसता बर्फ नव्हे. आधी दोन-तीन अंशांवर पाऊस पडतो, कपडे आतपर्यंत भिजतात, मग पारा घसरतो, वारा सुटतो आणि त्याच पावसाचा बर्फ होतो. बोटं इतकी बधिर होतात की जॅकेटची चेन ओढता येत नाही. शरीर गारठून माणूस दगावायला तापमान शून्याखाली जावंच लागतं असं नाही. २०१८च्या एप्रिलअखेरीस स्वित्झर्लंडमध्ये पिन्य दारोला शिखराजवळ वादळात अडकलेल्या गिर्यारोहकांपैकी सात जण गेले. रात्र उघड्यावर काढली ती जागा निवाऱ्यापासून काहीशे मीटरवर होती. हवामान बिघडणार हे आधी सांगितलेलं होतं. याला पोरखेळ म्हणायचं? शिवाय साचलेल्या बर्फावर पाऊस पडला की पाणी आत मुरतं, थर सैल होतात आणि अख्खा उतार खाली येतो.

‘बर्फ किती सेंटिमीटर पडणार हे कधीच बरोबर येत नाही’ यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. उंचीनुसार तापमान किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे अंदाज एका अंशाने चुकला, तर पाऊस आणि बर्फ यांच्यातली रेषा दीडेकशे मीटर वरखाली सरकते. २० मिलिमीटर पाण्याचा कोरडा, भुसभुशीत बर्फ २० सेंटिमीटरहूनही जास्त भरेल, तर वसंतातला ओला बर्फ १२-१४ सेंटिमीटरच भरेल. पण वजन दोन्हींचं सारखंच, चौरस मीटरला २० किलो. सेंटिमीटर चुकले म्हणून वादळ चुकलं असं होत नाही.

बाकीचं झटपट. बर्फ पडताना वीज पडत नाही? पडते. रबरी बुटांनी वीज अडते? नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोशातून बाहेर पडू नका, आणि आडोसा म्हणजे एकटं झाड नव्हे. वादळं प्रयोगशाळेत बनवतात, या मुद्द्यावर मी शब्द खर्चणार नाही.

अंदाज उघडलात की आधी तो कधी दिलाय ते बघा, कारण नवा आला की जुना बाद. मग हिमरेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती रेषा, किती मीटरवर आहे, माथ्यावरचा वारा किती आहे आणि वादळ किती वाजता सुरू होतंय ते बघा. चिन्हातला हसरा सूर्य बघून निघू नका. तो बहुधा पायथ्याच्या गावाचा असतो.