फोन तुमचा, पण स्टोअर कुठल्या देशाचं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फोनवरून जुंपली आहे. रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चार्जिंग किती वॅटचं. वाद कसाही वळला तरी निकाल ठरलेला असतो. पुतण्याने तो यंदाही लावला: ‘काका, तुम्ही परदेशातली मंडळी आयफोन घेता ती निव्वळ शायनिंग मारायला.’

शायनिंग! अरे, इथे मुलाच्या सॉकर टीमचा ग्रुप आयमेसेजवर, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या मेसेज सेवेवर असतो. त्यात एक अँड्रॉइडवाला घुसला की मेसेजचे फुगे निळ्याचे हिरवे आणि व्हिडिओ धूसर. 2022 मध्ये एका जाहीर कार्यक्रमात कुणीतरी ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांच्याकडे हीच तक्रार केली, की आईला पाठवलेले व्हिडिओ नीट दिसत नाहीत. उत्तर आलं, आईला आयफोन घेऊन द्या. 2024 मध्ये आयफोनच्या आयओएस 18 या आवृत्तीबरोबर आरसीएस, म्हणजे साध्या एसएमएसच्या जागी आलेली नवी मेसेज पद्धत आली, व्हिडिओ सुधारले, पण फुगे हिरवेच राहिले.

आयमेसेज तर ॲपलचंच, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगतोय. तुम्ही कॅमेऱ्यावरून निवांत भांडू शकता, कारण तुमच्या गप्पा तिसऱ्याच कंपनीच्या ॲपवर चालतात आणि ते दोन्हीकडे सारखंच चालतं. ही चैन तुम्हाला व्हॉट्सॲपने दिली आहे. आणि ते काढूनही घेतं, बरं का: 2017 च्या अखेरीस त्याने ब्लॅकबेरी 10 या सिस्टिमवरच्या फोनांना सोडलं, तेव्हा कीबोर्ड कितीही सुरेख असला तरी उपयोग काय होता?

मेगापिक्सेलचंच म्हणाल तर नोकियाचा लुमिया 1020 आठवा. 2013 साली 41 मेगापिक्सेल! पण तो मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिमवर चालणारा विंडोज फोन. त्यावर इन्स्टाग्राम आलं ते वर्ष संपता संपता, तेही बीटा. स्नॅपचॅटचं अधिकृत ॲप तर कधी आलंच नाही. लोक कमी म्हणून ॲप नाहीत, ॲप नाहीत म्हणून लोक कमी. मायक्रोसॉफ्टने ॲप बनवणाऱ्यांना पैसे दिले, काहींची ॲप स्वतः लिहून दिली, तरी गाडी हलली नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर दोन अंगठे आले आणि पुन्हा रॅम सुरू.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही. माझ्याकडे दुसराही फोन आहे, जुना अँड्रॉइड, भारतातल्या नंबरचा. तिकडच्या बँकेचं ॲप फक्त तिकडच्या ॲप स्टोअरमध्ये मिळतं. आयफोनवर स्टोअरचा देश बदलायचा तर आधी स्टोअरमधली शिल्लक संपवा, सबस्क्रिप्शन बंद करा, आणि फॅमिली शेअरिंगमध्ये, म्हणजे घरच्यांनी मिळून खरेदी वापरण्याच्या सोयीत असाल तर तेही आडवं येऊ शकतं. अँड्रॉइडचं स्टोअर गूगल प्ले वर्षातून एकदाच देश बदलू देतं. तुम्ही नेमके कुठले, हे इमिग्रेशनवालेसुद्धा इतक्या चिवटपणे विचारत नाहीत. मी उत्तर टाळलं आणि दोन फोन ठेवले.

आता ते बँकेचं ॲप म्हणतंय, अँड्रॉइडची ही आवृत्ती फार जुनी झाली. म्हणजे नवा फोन घेणं आलं. पिक्सेल 8 पासून गूगल आपल्या पिक्सेल फोनांना सात वर्षं अपडेट देतं, म्हणून तसलाच एखादा बघतोय. कॅमेरा कसा आहे ते पाहिलेलंही नाही. बायको विचारते, एका खात्यासाठी सात वर्षांची तजवीज कशाला, खातंच बंद करून टाक ना.

ते करणार नाही. पुतण्यालाच विचारतो कुठला घेऊ. शायनिंगवरून बोलणं खावं लागेल, लागू दे.