एक यादी झोपणाऱ्यांची, एक जागणाऱ्यांची

झोप लागत नाही असं कुठे बोलून दाखवलं की हल्ली कोणीतरी लगेच लिंक पाठवतं. 'शांत झोपेसाठी मंत्र, आठ तास, काळी स्क्रीन.' मागे पाऊस, तानपुरा आणि कानात कुजबुजल्यासारखा ओंकार. ज्यांना त्याने डोळा लागतो त्यांनी खुशाल लावावं. पण त्याला 'आपल्या परंपरेतली झोपतानाची प्रार्थना' म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. आपले रात्रीचे श्लोक असे गुळगुळीत नाहीत हो. त्यांत साप आहेत, लांडगे आहेत, चोर आहेत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रात्रिसूक्त आहे (10.127). गावं निजली, पाखरं निजली, ससाणेसुद्धा विसावले, असं म्हणून झालं की ऋषी रात्रीला थेट सांगतो, लांडग्याला आणि लांडगिणीला दूर ठेव, चोराला दूर ठेव. मनःशांती बिनशांती पुढचं. आधी दाराबाहेरचं बघ.

आमच्याकडे आजी दोन श्लोक म्हणून घ्यायची. एक हा:

अगस्तिर्माधवश्चैव मुचुकुन्दो महाबलः ।
कपिलो मुनिरास्तीकः पञ्चैते सुखशायिनः ॥

सुखाने झोपणारे पाच जण. आता ही नावं जरा नीट बघा. अगस्तींनी वातापीला पोटात जिरवला. जेवणावर पोटावरून हात फिरवत त्यांचं नाव घेणारी माणसं अजून आहेत. म्हणजे यादीची सुरुवातच पचनापासून! माधव तर चार-चार महिने झोपतो. मुचुकुंद देवांच्या बाजूने लढून इतका दमला की त्याने वर म्हणून झोपच मागून घेतली, आणि जो उठवेल तो भस्म होईल अशी सोयही करून घेतली. कालयवनाने गुहेत शिरून त्याला लाथ घातली आणि तिथेच त्याची राख झाली. कपिल मुनी झोपले नव्हते, ध्यानात होते, पण सगराच्या साठ हजार पोरांनी त्यांना छेडलं आणि त्यांचीही तीच गत झाली. झोपमोड करणाऱ्याला इतकी जबर शिक्षा दुसऱ्या कुठल्या पुराणात असेल असं वाटत नाही. शेजारच्या हॉलमधल्या डीजेवाल्यांना कोणीतरी ही गोष्ट सांगायला हवी.

पाचवा आस्तीक. जनमेजय राजाचं सर्पसत्र, म्हणजे साप जाळण्याचा यज्ञ, थांबवून ज्याने सापांना वाचवलं, तो. त्याचं नाव घेणाऱ्याला साप चावत नाही असा सापांनीच शब्द दिलेला. कौलारू घर, मातीची जमीन, अंथरूण खाली, पावसाळ्याचे दिवस, अशा ठिकाणी निजलेल्या माणसाला हे नाव कशाला लागत होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरा श्लोक:

रामं स्कन्दं हनूमन्तं वैनतेयं वृकोदरम् ।
शयने यः स्मरेन्नित्यं दुःस्वप्नस्तस्य नश्यति ॥

हा वाईट स्वप्नांवरचा. लहानपणी मला कळायचं नाही, यात वृकोदर, म्हणजे भीम, काय करतोय? राम ठीक, मारुती ठीक, कार्तिकेय देवांचा सेनापती, गरुड सापांचा वैरी. पण भीम? तो तर खाण्यासाठी प्रसिद्ध. मग महाभारत वाचताना लाक्षागृहानंतरचा प्रसंग आला. आग चुकवून पळालेली कुंती आणि चार भाऊ रानात झाडाखाली गाढ झोपलेत आणि भीम एकटा जागा बसलाय. हिडिंब येतो तो तेव्हाच. मला तरी वाटतं, भीम या श्लोकात आलाय तो पहारेकरी म्हणून.

मग दोन्ही श्लोक एकत्र म्हणण्यातली गंमत लक्षात येते. पहिल्यात झोपणारे, दुसऱ्यात जागणारे. कोणीतरी जागं आहे एवढा भरवसा असला की माणसाला झोप लागते. लहान मुलाला हे बरोबर कळतं. ते श्लोकाचा अर्थ विचारत नाही, 'तू झोपलीस का?' एवढंच दर दोन मिनिटांनी विचारतं.

पंढरपुरात तर हे दरवर्षी उघड्यावर घडतं. एरवी रोज रात्री शेजारती होऊन विठोबा निजतो. आषाढीच्या तोंडावर मात्र देवाचा पलंग काढतात. पाठीशी मऊ लोड लावतात आणि देव दिवसरात्र दर्शनाला उभा. शास्त्राप्रमाणे त्याच एकादशीला विष्णू झोपायला जातो, आणि इथे त्याचा पलंगच बाहेर! वारकरी मठात, तंबूत, वाळवंटात घोरतायत आणि देव जागा. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा, शिणवटा जावा म्हणून काढा, आणि मग पलंग परत आत. मला या परंपरेइतकं मायेचं दुसरं काही माहीत नाही.

महादेवाची क्षमा मागणारा 'करचरणकृतं' हा श्लोकही झोपतानाचाच. हात, पाय, वाणी, कान, डोळे, मन, सगळ्यांकडून झालेल्या चुकांची माफी एका दमात. यात एक पळवाट आहे, आणि आजीला ती पक्की माहीत होती. बहिणीला चिमटा काढून श्लोक म्हणायला बसलं की ती म्हणायची, "महादेव थांबेल. आधी ताईशी बोलून ये."

म्हणून माझं मत असं की हे श्लोक स्वतःच्या तोंडाने म्हणावेत. फोन उशाशी ठेवून दुसऱ्याच्या आवाजात आठ तास वाजवत ठेवण्यात पहाऱ्याला कोणीच नसतं, नोटिफिकेशन मात्र असतात. पाठ नसतील तर दोन ओळी पुरतात. संस्कृत जमत नसेल तर 'रामा, बघ रे बाबा' एवढंही चालतं. नाइट शिफ्टवाल्यांनी सकाळी सातला पडदे ओढून म्हणावेत, आस्तीक घड्याळ बघत नाही. आणि महिनोन्महिने झोप नसेल, किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर डॉक्टरकडे जा. मुचुकुंदाच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या घरी निजताना काय म्हणायचे? रामरक्षा, भीमरूपी बहुतेक घरांत तिन्हीसांजेलाच उरकायची, ती सोडून सांगा. विशेषतः कोकणातल्या मंडळींनी. सापांवरचे तुमच्याकडे आणखी असणार.