राखेतून हवा तोच आकडा काढण्याची रीत

कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेतून पाण्यात किती आयन (क्षार विरघळल्यावर सुटणारे विद्युतभारित कण) उतरतात, हे शोधण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर आकडा किती हवा आहे ते आधी विचारून घ्यावे. प्रयोग नंतरही करता येतो.

आकडा लहान हवा असल्यास नमुना राख बंधाऱ्यातून, म्हणजे पाण्यात कालवलेली राख साठवतात त्या तळ्यातून उचलावा. प्रेसिपिटेटरच्या (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमधली, म्हणजे खालच्या नरसाळ्यातली कोरडी राख घेतली, तर धूर निवताना तिच्या कणांवर बसलेले सल्फेट आणि बोरॉन पाणी लागताच सुटतात आणि उगाच डोळ्यांवर येतात. बंधाऱ्यातली राख मात्र पाण्याबरोबर पाइपातून वाहत आलेली, म्हणजे आयतीच धुतलेली असते. धुतलेले क्षार कुठे गेले, हा प्रश्न आपल्या टेबलावरचा नव्हे.

खरी कलाकुसर पाण्याच्या मापात आहे. युरोपात रूढ असलेल्या एका प्रमाणित चाचणीत १ किलो कोरड्या राखेमागे १० लिटर पाणी घेऊन मिश्रण २४ तास हलवत ठेवतात. आपण १०० लिटरांचे प्रमाण धरावे. किलोमागे १,००० मिलिग्रॅम सल्फेट सोडणारी राख पहिल्या रीतीने लिटरला १०० मिलिग्रॅम दाखवते आणि दुसऱ्या रीतीने फक्त १०. राख तीच, सल्फेटही तेवढेच. अहवालात मात्र लिटरमागचाच आकडा द्यावा, किलोमागचा देण्याचा मोह आवरावा आणि शेजारी पिण्याच्या पाण्यासाठीची सल्फेटची लिटरला २०० मिलिग्रॅमची मर्यादा ठळक छापावी. वाचणारा ती राख पाण्यात कालवून प्यायलाही तयार होईल.

बोरॉनसाठी थोडी अधिक निगुती लागते. राखेचा अर्क प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावा आणि ब्लँकचे, म्हणजे तुलनेसाठी राखेविना तपासायचे पाणी बोरॉन असलेल्या बोरोसिलिकेट काचेत आठवडाभर मुरवावे. काचेतून उतरलेला बोरॉन मग नियमानुसारच नमुन्यातून वजा होतो.

राखेऐवजी कोळसाच तपासून खाणीवर खापर फोडायचे असेल, तर कोळसा दळून काही महिने हवेत उघडा टाकावा. त्यातल्या पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट आपसूक वाढते. कमीच दाखवायचे असेल, तर ताजी भुकटी पाण्यावर तरंगू द्यावी. काही जण तिला आधी थोडे अल्कोहोल लावून भिजवतात, पण जे भिजलेच नाही त्यातून काही विरघळण्याची धास्ती नसते.

शेवटी एखादा खडूस तपासनीस धन आणि ऋण आयनांच्या मिलिसममूल्यांचा ताळा मागतो, म्हणजे दोन्हींचा एकूण विद्युतभार सारखा भरतो का ते पाहतो. घाबरू नये. चुन्यामुळे राखेचा अर्क बहुधा अल्कधर्मी असतो, आणि आयन क्रोमॅटोग्राफच्या (आयन वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) नेहमीच्या आलेखात हायड्रॉक्साइड व कार्बोनेट उमटत नाहीत. त्यामुळे गायब झालेल्या सल्फेटचा वाटाही त्यांच्याच नावावर खपतो. अर्काचा पीएच नोंदलेला असेल, तर मात्र हा हिशेब कोणीही उलगडू शकतो, म्हणून त्या आठवड्यात पीएच मीटर कॅलिब्रेशनसाठी बाहेर पाठवलेले असावे आणि तशी पावती फायलीला लावावी.