गार सेन्सर, दमट अंगण

आकाशाचे फोटो काढायला कॅमेरा कुठला घ्यावा, हे घाटावरच्या माणसाला विचारू नये. तो सेन्सरपासून सुरुवात करतो. दापोलीकडच्या माणसाने बुरशीपासून करावी. इथे पावसाळ्याचे चार महिने आकाशच नसतं, आणि तेवढ्यात कपाटातल्या लेन्सवर जे जाळं पसरतं ते कुठल्याही तेजोमेघापेक्षा देखणं असतं.

साधा डीएसएलआर सेकंडहँड मिळतो. बारशालाही चालतो, हा मुद्दा घरात वजनदार ठरतो. पण त्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर गडद लाल प्रकाश बराचसा अडवतो, आणि हायड्रोजनचे तेजोमेघ नेमके 656.3 नॅनोमीटरच्या त्याच लालीत उजळतात. फिल्टर काढून घेता येतो. मग मृगातला तेजोमेघ लालबुंद येतो, आणि बारशातलं बाळही.

दुसरं प्रकरण म्हणजे खास खगोल कॅमेरा. सेन्सर भोवतालच्या हवेपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी गार करतो. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की डार्क करंट, म्हणजे अंधारातही सेन्सरच्या उष्णतेने फोटोत उमटणारा खोटा उजेड, निम्म्यावर येतो, हे मी बायकोला आकृती काढून सांगितलं. तिने आकृती पाहिली.

"आम्ही मे महिन्यात पंख्याखाली शिजतोय, आणि कॅमेऱ्याला एसी?"

शिवाय त्याला ना बटण, ना स्क्रीन. सोबत लॅपटॉप हवा, बारा व्होल्टची वीज हवी. त्यातही रंगीत की मोनोक्रोम? मोनोक्रोममध्ये प्रत्येक पिक्सेलला पूर्ण प्रकाश मिळतो. लाल, हिरवा, निळा फिल्टर लावून वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि मागाहून जोडायचे. बाबा म्हणाले, "जास्त पैसे मोजून ब्लॅक अँड व्हाइट? आमच्या लग्नाचा अल्बम स्वस्तात झाला होता." ग्रहांसाठीचे छोटे व्हिडिओ कॅमेरे वेगळेच, तो विषय मी घरात काढलाच नाही.

खरं घोडं अडतं ते दवापाशी. स्वच्छ रात्री दुर्बिणीची काच उघड्या आकाशाखाली हवेहूनही गार होते. आधी तारे जरा फुगतात, मग त्यांना प्रभावळ येते, मग पडद्यावर नुसतं ताक. टॉर्च मारून पाहावं, तर काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतका ओलावा. म्हणून काचेभोवती गरम पट्टी गुंडाळायची. म्हणजे सेन्सर गार ठेवायला वीज आणि काच ऊबदार ठेवायलाही वीज. लाईट गेली की दोघांचं भांडण आपोआप मिटतं.

दवाने माझ्याइतकंच हैराण होणारं माणूस म्हणजे शेजारचे नाना. दव पडलं की त्यांचा आंब्याचा मोहोर काळा पडतो. त्यामुळे भर रात्री, माझं एक्स्पोजर चालू असताना, ते हटकून मोठी बॅटरी घेऊन कलमाखाली येतात. दुर्बीण जुळवायला लागणारा ध्रुव तारा इथून जेमतेम 18 अंशांवर, तोही त्यांच्याच माडाच्या झावळ्यांत. म्हणून भांडताही येत नाही.

"मेल्या, एवढे पैसे ओततोयस, त्यात तुडतुडे दिसतात काय?"

शेवटी फिल्टर काढलेला जुना डीएसएलआर घेतला आणि उरलेल्या पैशांत हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट. गारव्याचे लाड परवडतील तेव्हा बघू. कोकणात कॅमेरा आधी टिकला पाहिजे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात सध्या आईचे फणसाचे पापड आहेत. यंदा एकही सादळला नाही, तेव्हा कॅमेरा दुसरीकडे ठेवता येईल का, असं ती विचारते आहे.