एममॅपनं फ्रेमची कॉपी होत नाही, खुलासा वाचा

कोल्हापुरातल्या आपल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की लिनक्सवर कॅमेऱ्याला एममॅप (मेमरी थेट दाखवायची सोय) लावलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक फ्रेमची (व्हिडिओतल्या एकेका चित्राची) कॉपी अ‍ॅपला देतो, रॅम दुप्पट लागते, म्हणून साधं रीड (डेटा वाचून घ्यायची नेहमीची पद्धत) वापरा. भावांनो, हे बरोबर उलटं आहे!

रीडमध्ये कॉपी होते. एममॅपमध्ये कर्नलनं घेतलेली तीच मेमरी अ‍ॅपला दिसते, म्हणजे खोली एकच, दारं दोन. १०८० पी चा वाययूवायव्ही (कॉम्प्रेस न केलेला फॉरमॅट) फ्रेम साधारण ४.१ एमबी, सेकंदाला ३० फ्रेम धरले तर १२४ एमबी, आणि एवढं सेकंदाला उगाच इकडून तिकडं हलवायचं, तेपण उद्यमनगरात पार्ट तपासायला लावलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर, लय जड जातं ते.

हां, एक गोष्ट मान्य. यूएसबी वेबकॅमचा ड्रायव्हर आतल्या आत एकदा कॉपी करतोच, ती एममॅपनं टळत नाही. आणि काही बोर्डांवर बफर (फ्रेम ठेवायची मेमरी) कॅशशिवाय (सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीशिवाय) मिळतो, मग सीपीयूनं पिक्सेल वाचायला गेलं की खूप स्लो, बहुतेक त्यामुळंच लोकांना कॉपी होतीय असं वाटतं.

फ्रेम जीपीयू किंवा एन्कोडरला (व्हिडिओ कॉम्प्रेस करणाऱ्या भागाला) द्यायची असेल तर डीएमए-बफ (एकच बफर वेगवेगळ्या हार्डवेअरना वापरू देणारी सोय) वापरा, २०१२ च्या लिनक्स ३.३ पासून आहे, फक्त फाइल डिस्क्रिप्टर (बफरची ओळख सांगणारा नंबर) द्यायचा, डेटा जागचा हलत नाही. आणि काम झालं की बफर लगेच परत रांगेत लावा, सगळेच बफर धरून बसलात तर ड्रायव्हरला भरायला जागाच नाही, फ्रेम गळणारच.